झाकणावरच्या रेघा

मार्चचा शेवटचा आठवडा. साखर कारखान्याचा पट्टा पडायला, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपायला, चार-पाच दिवस उरलेले. गाडीतळावरच्या, म्हणजे तोडणी मजुरांच्या मुक्कामावरच्या, निम्म्या कोप्या (झोपड्या) मोडून झाल्या होत्या आणि त्यांच्या जागी काळ्या पडलेल्या चुली आणि तुडवलेल्या पाचटाचे चौकोन तेवढे राहिले होते. लिंबाच्या सावलीत सतरंजी टाकून हिशोब चालला होता. टोळी आणणारा मुकादम वहीतून वाचायचा, एकेक कोयता, म्हणजे ऊस तोडणारं एकेक जोडपं, पुढे येऊन बसायचा, आकडा ऐकायचा आणि उठायचा. एका टायरगाडीच्या हंगामभराच्या खेपा निघाल्या ६६. नवरा "बरं" म्हणून उठायला लागला, तोवर बायको कोपीत जाऊन पिठाच्या डब्याचं झाकण घेऊन आली. झाकणाच्या आतल्या बाजूला कोळशाने ओढलेल्या रेघा होत्या. चार उभ्या, त्यांवर एक आडवी, अशा जुड्या लावत लावत झाकण काठापर्यंत भरलेलं. रेघा ७१ होत्या. मुकादमाने झाकण हातात घेतलं, उन्हाकडे तिरपं धरून पाहिलं आणि आवाज न चढवता म्हणाला, "वहिनी, पोरांनी ओढल्या असतील दोन-चार." नवऱ्याने "जाऊ दे आता" म्हटलं. ती काही बोलली नाही. झाकण घेऊन हौदावर गेली, राखेने घासून लख्ख केलं आणि डब्याला लावलं. गावाकडे निघायचं होतं, पीठ सांडून चालणार नव्हतं.

ते घासलेलं झाकण डोक्यातून जात नाही.

पाच खेपा म्हणजे किती? बैलांच्या टायरगाडीत एका खेपेला अडीच टनांच्या आसपास ऊस बसतो. म्हणजे साडेबारा टन. गाडीवाल्यांचा दर वेगळा बसतो, वाहतुकीचे पैसे त्यात वेगळे येतात. पण तोडणी दराच्या जानेवारी २०२४ च्या करारातला टनाला ३६६ रुपये हा दर धरला, तरी साडेचार हजारांच्या वर रक्कम होते. त्या करारात शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादाने तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ दिली, २७३ चे ३६६ झाले, मुकादमाचं कमिशन २० टक्क्यांवर गेलं. वर्तमानपत्रांत मोठ्या बातम्या आल्या. वाढ खरीच होती आणि ती लढून मिळवलेली होती. पण टनाचा दर कितीही वाढला तरी टन कोण मोजतं हा प्रश्न त्या करारात नव्हता. तो लिंबाखालच्या सतरंजीवर सुटतो, नाहीतर सुटत नाही.

एका कोयत्याचं गणित मांडून पाहावं. दोघं मिळून पहाटे चारपासून दिवस मावळेपर्यंत दीड टन ऊस तोडतात, मोळ्या बांधतात, वाहतात आणि गाडीत रचतात. कधी दोन टन होतो, पण ऊस पडलेला किंवा फड ओला असला की सव्वा टनही होत नाही. १२० दिवसांचा हंगाम धरला तर १८० टन. गुणिले ३६६, म्हणजे ६५,८८० रुपये. उचल, म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, जर लाखाची असेल तर ३४ हजार अंगावर राहिले आणि तेही खर्ची न धरता. खर्ची म्हणजे आठवड्याच्या बाजाराला मुकादम हातावर ठेवतो ते पैसे. ते त्याच्या वहीत चढतात. आजारपणात मोडलेला दिवस म्हणजे खाडा, आणि खाड्याचा दंड पाचशे, कुठे हजार. तोही चढतो. बाकी पुढच्या हंगामाच्या उचलीत मिसळते आणि माणूस त्याच मुकादमाकडे, त्याच्याच दराने पुन्हा जातो. घर पडलं म्हणून, मुलीचं लग्न म्हणून, बैल मेला म्हणून घेतलेली उचल कोणत्या वर्षी फिटली हे सांगता येणारी घरं फार थोडी. साडेचार हजारांचं मोल या गणितात लावायचं असतं. कुणाची बाकी फिटायला तेवढेच कमी पडलेले असतात.

तळांवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांशी आणि बायांच्या गटांशी बोललं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकायला मिळते. मोर्चा काढणं जमतं, निवेदन देणं जमतं, वही ठेवणं जमत नाही. आणि जिथे वही जमली तिथे बाकीचं बरंचसं आपोआप जमत गेलं. झाकणाची चूक कोळशाची नव्हती. तिच्या रेघांना तारीख नव्हती, त्या एकट्या तिच्याच होत्या आणि त्या मार्चमध्ये पहिल्यांदा कुणाला तरी दाखवल्या गेल्या. तोवर कारखान्याच्या वजनकाट्याच्या स्लिपा कुठे गेल्या होत्या देव जाणे. कारखान्याची बिलं पंधरवड्याला निघतात. मग टोळीचा हिशोबही पंधरवड्याला वाचून घेतला पाहिजे. नोव्हेंबरातली हरवलेली खेप नोव्हेंबरातच सापडते, कारण स्लिप अजून कुणाच्या तरी खिशात असते, गाडीवानाला तो दिवस आठवत असतो, आणि मुकादमालाही "नजरचुकीने राहिलं" म्हणून मान राखून दुरुस्त करता येतं. मार्चमध्ये सगळ्यांच्या देखत चूक कबूल करणं कुणालाही जड जातं.

वही कशी असावी यावरही बराच खल झालेला असतो. शंभर पानी वही चालत नाही, ती चुलीजवळ जाते. तळहाताएवढी, पुठ्ठ्याची, पोलक्यात किंवा पिशवीत मावेल अशी लागते. रकाने सहाच ठेवायचे. तारीख, खेप, स्लिपचा नंबर, निव्वळ वजन, खर्ची, खाडा. सातवा रकाना वाढवला की लिहिणं थांबतं, हा अनुभव. पेन द्यायचं नाही. फडात पहाटे दहिवर असतं, हात ओले असतात, बॉलपेनची शाई पसरते आणि आकडा वाचता येत नाही. पेन्सिल द्यायची आणि ती दोऱ्याने वहीला बांधायची, नाहीतर दोन दिवसांत पोरांच्या हातात जाते. लिहिता येत नाही अशी अडचण सगळ्या आधी सांगितली जाते, पण फोन लावता येणाऱ्या प्रत्येकीला आकडे ओळखता येतात. फोनवरचे आणि स्लिपवरचे आकडे एकाच वळणाचे असतात. म्हणून वहीतही तेच वळण ठेवायचं, स्लिप समोर धरून बघून उतरवायचं. सातवीतल्या मुलीला लिहायला बसवणं सोपं वाटतं, पण मुलगी आजारी पडली किंवा गावी गेली की वही कोरी राहते. शिवाय हिशोबाच्या वेळी आईने "हे मी लिहिलंय" म्हणण्यात जो जोर असतो तो मुलीच्या अक्षरात येत नाही.

स्लिपवर भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन आणि निव्वळ वजन असं तीन ठिकाणी लिहिलेलं असतं. घ्यायचं ते शेवटचं. पहिल्या पंधरा दिवसांत निम्म्या वह्यांमध्ये भरलेल्या गाडीचं वजन उतरलेलं असतं आणि मग मुकादम सगळीच वही खोटी ठरवतो. टायरगाडीवाल्याला स्लिप निदान काट्यावर हातात मिळते. ती पुढे देण्याआधी तिथल्या तिथे उतरवायची, कारण तळावर वीज नसते, फोन मेलेला असतो आणि फोटो काढू म्हटलेलं राहून जातं. ट्रॅक्टरच्या टोळीचं दुखणं वेगळं. दहा कोयत्यांनी रात्री बारा वाजता दोन ट्रॉल्या भरून दिल्या की ड्रायव्हर निघून जातो, आणि वजन किती भरलं हे टोळीला दुसऱ्या दिवशी, तेही तोंडी कळतं. अशा ठिकाणी एक वाट उपयोगी पडली आहे. ज्याचा ऊस तुटला त्या शेतकऱ्याकडेही त्याच वजनाची पावती असते. त्याला काटामारीची, म्हणजे काट्यावर वजन मारलं जाण्याची, भीती मजुरांइतकीच असते. बांधावर जाऊन "आण्णा, काल तुमचा किती भरला?" एवढं विचारायचं. मात्र ज्या फडात टोळीने खुशाली म्हणून पैसे उकळले असतील तिथला शेतकरी पावती दाखवणार नाही, आणि त्याला दोषही देता येत नाही. खुशाली सोडा असं टोळीला सांगणं हे संघटनेचं सगळ्यात अवघड काम आहे. दर पुरत नाही म्हणून ती घेतली जाते हे खरं, आणि ती घेतल्याने जवळचा साक्षीदार हातचा जातो हेही खरं.

मुकादमाबद्दल लिहिताना हात थोडा अडखळतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो सरळसरळ खलनायक दिसतो. पण तो बहुतेक वेळा त्याच गावचा, भावकीतला, दहा वर्षांपूर्वी स्वतः मोळ्या वाहिलेला असतो. वाहतूकदाराकडून त्याने उचलीचे लाखो रुपये आपल्या सहीवर घेतलेले असतात, आणि दोन कोयते उचल घेऊन दुसऱ्याच टोळीबरोबर पसार झाले तर ती रक्कम त्याच्या जमिनीवर चढते. असे बुडालेले मुकादमही गावोगावी आहेत. आणि तरीही, ज्या वहीवर माणसांची वर्षं तोलली जातात ती एकट्याच्याच हातात असते, हे तेवढंच खरं. कारखाना म्हणतो आमचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदार म्हणतो माझा व्यवहार मुकादमाशी, मुकादम म्हणतो मी काय, मीही हुकमाचाच माणूस. म्हणून तक्रारअर्ज लिहिताना तिघांचीही नावं लिहायची, हे जुने कार्यकर्ते पहिल्या दिवशी शिकवतात. एकट्या मुकादमाचं नाव घातलेला अर्ज गावातल्या भांडणाचा होतो. कारखान्याचं आणि वाहतूकदाराचं नाव आलं की तो कामगाराचा अर्ज होतो.

तळावर बैठक घ्यायची वेळ हीसुद्धा शिकण्याची गोष्ट. संध्याकाळी बोलावलं तर कुणी येत नाही. बाया फडातून येऊन वाढ्यांचे (उसाच्या हिरव्या शेंड्यांचे) भारे बांधत असतात, ते विकून भाजीचे पैसे सुटतात, मग चूल, मग भांडी. खर्चीच्या दिवशी मुकादम तळावर असतो, त्या दिवशी तोंडं शिवलेली असतात. बरी वेळ म्हणजे पुरुष गाड्या घेऊन कारखान्याच्या आवारात रांगेत अडकलेले असतात ती. रांग कधी चार तास चालते, कधी रात्रभर. त्या वेळी हौदाजवळ, कपडे धुता धुता, पाऊण तास मिळतो. पहिल्या भेटीत उचलीचा शब्दही काढायचा नाही. जवळच्या उपकेंद्रातल्या नर्सबाईंना बरोबर न्यायचं, रक्त तपासायचं, लोहाच्या गोळ्या द्यायच्या, बाळांची वजनं करायची. दुसऱ्या भेटीत बाया स्वतः बोलायला लागतात, आणि भेटायला येणाऱ्यांत एखादी तरी आधी ऊस तोडलेली बाई बरोबर असेल तर पहिल्याच भेटीत. जोडे घालून, फाइल काखेत मारून आलेल्या माणसाला "सगळं बरं आहे" एवढंच उत्तर मिळतं.

आरोग्याचं नाव निघालं की खाडा निघतो. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं, दिवसाला कित्येक वेळा. पाळीच्या दिवसांत आडोसा नाही, पाणी नाही, सुट्टी घेतली तर दंड. बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय गाजल्यावर २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिने पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. त्यानंतर खासगी दवाखान्यांना जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट आली. अट चांगली आहे. पण अंगावरून पांढरं जाण्याच्या तक्रारीचं मूळ ओल्या फडक्यात, न मिळालेल्या विश्रांतीत आणि खाड्याच्या पाचशे रुपयांत आहे, तिथे ही परवानगी पोचत नाही. म्हणून काही टोळ्यांतल्या बायांनी मुकादमाशी बोलून महिन्याला दोन दिवस बिनदंडाचे ठरवून घेतले, आणि तेही वहीच्या खाड्याच्या रकान्यात लिहिले, गोल करून, म्हणजे दंडाच्या खाड्यापासून वेगळे दिसावेत. वीस बायांनी एकत्र मागितलं म्हणून ते मिळालं. एकटीला "आमच्या आया काय करत होत्या?" हेच ऐकावं लागलं असतं.

हे सगळं तळावर दिसतं, पण त्याची बांधणी गावात होते, दसऱ्याच्या आधी. बीड जिल्ह्यातले केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, पलीकडे पाथर्डी, या पट्ट्यात दसरा-दिवाळीनंतर गावं रिकामी होत जातात. म्हातारी माणसं, थोडी पोरं आणि कुत्री मागे राहतात. निघण्याआधी एक यादी करायची असते. नाव, कोण कोण जाणार, मुलं कितवीत, कुणाला कितवा महिना, शिधापत्रिकेचा नंबर, मुकादम, वाहतूकदार, कारखाना. एवढं सगळे लिहितात, आणि डिसेंबरात यादी निकामी झालेली असते. मुकादमाने टोळी एका कारखान्यावरून दुसऱ्यावर हलवलेली असते, फोनचा रिचार्ज संपलेला असतो, सिम बदललेलं असतं. म्हणून प्रत्येक घरामागे दोन नंबर घ्यायचे, एक टोळीतला आणि एक गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा किंवा शेजाऱ्याचा. गाडी सुटताना तिच्या नंबरपाटीचा फोटो काढून ठेवायचा. आणि तळावर पोचल्यावर पहिल्या आठवड्यात जवळच्या विजेच्या डीपीचा नंबर कळवायचा. तळाला नाव नसतं, पत्ता नसतो. रात्री कुणाला साप चावला आणि १०८ ला फोन केला तर "उसाच्या रानात" एवढं सांगून गाडी येत नाही. डीपीचा नंबर, रस्त्यावरचा मैलाचा दगड, जवळच्या शाळेचं नाव, या तीन गोष्टी वहीच्या शेवटच्या पानावर मोठ्या आकड्यांत लिहून ठेवल्या की अर्धा तास वाचतो. सापाच्या विषाच्या बाबतीत अर्धा तास म्हणजे काय हे त्या रानातल्या माणसांना सांगावं लागत नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा अशा याद्यांची किंमत सगळ्यांना कळली. हजारो कुटुंबं कारखान्यांच्या तळांवर अडकली, एप्रिलच्या मध्यावर परतीची परवानगी आली, आणि पहिला प्रश्न निघाला की कुठल्या गावची किती माणसं कुठे आहेत. ते आधी लिहून ठेवलेलं नसेल तर परवानगी हातात असूनही फोनवर फोन करत बसावं लागतं.

रेशनचं एक दृश्य जवळून पाहण्यासारखं आहे. एक देश एक रेशन कार्ड आल्यापासून तोडणीच्या गावातल्या दुकानातही धान्य मिळायला पाहिजे, माणशी पाच किलो. बाई दुकानात जाते, यंत्राच्या काचेवर अंगठा ठेवते. लाल दिवा. अंगठा लुगड्याला पुसते, पुन्हा ठेवते. लाल दिवा. मग तर्जनी, मग दुसरा हात. तीन महिने उसाची पाती आणि कोयत्याची मूठ धरून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात, भेगांत काळं साचलेलं असतं, आणि यंत्राला त्या बोटात माणूस सापडत नाही. मागे रांग कुरकुरते. दुकानदार "उद्या या" म्हणतो, आणि उद्या म्हणजे खाडा. यावर उपाय आहेत, पण ते गावात करून यावे लागतात. घरातल्या प्रत्येकाचं ई-केवायसी निघण्यापूर्वी, हात बरे असताना करून घ्यायचं. आधारला चालू फोन नंबर जोडून घ्यायचा म्हणजे अंगठा फसला तर ओटीपीने काम होतं. यंत्राकडे डोळ्याची बुबुळं पाहणारं साधन असेल तर ते मागायचं. बोटं धुऊन, थोडं खोबरेल चोळून, पुसून कोरडी करून ठेवली तर कधी कधी दिवा हिरवा होतो, हे बायांनीच शोधून काढलेलं. आणि घरात सगळ्यात जास्त भांडण लावणारी गोष्ट म्हणजे एकाच कार्डावर मागे राहिलेली सासू गावात धान्य उचलते आणि सून इथे. वाटणी करून उचलता येतं, पण कुणी किती उचलायचं ते आधी ठरवलेलं नसेल तर महिन्याच्या शेवटी एक घर उपाशी राहतं आणि दोष सुनेवर येतो.

मुलांचं काय करायचं हा प्रश्न कोणत्याही बैठकीत शेवटी येतो आणि त्यावर सगळ्यांत जास्त वेळ जातो. मागे ठेवावं तर आजीला दिसत नाही, बरोबर न्यावं तर शाळा जाते आणि आठ वर्षांची मुलगी धाकट्याला सांभाळत फडाच्या कडेला बसते. हंगामी वसतिगृहाची सोय शाळा व्यवस्थापन समितीमार्फत होते. मुलं आजीकडे किंवा शाळेत राहतात आणि जेवण मिळतं. पण त्यासाठी कोणती मुलं मागे राहणार याची यादी स्थलांतराआधी पक्की व्हायला लागते. मंजुरी टोळ्या गेल्यावर आली तर मुलंही गेलेली असतात आणि वसतिगृह कागदावर चालतं. म्हणून सप्टेंबरातल्या समितीच्या सभेला पाच आया गेल्याच पाहिजेत, एवढा एकच ठराव काही गावांनी केला आणि तो पाळला. जी मुलं जातात त्यांच्यासाठी शाळेतून शिक्षण हमी पत्रक मिळतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने दाखला नाही म्हणून मूल परत पाठवता येत नाही. पण पत्रक पत्र्याच्या पेटीत राहतं, कारण तळावरून तीन किलोमीटर चालत जाऊन अनोळखी मुख्याध्यापकांपुढे ते ठेवायला कुणाला वेळ नसतो आणि धीरही नसतो. तिथल्या गावातला एखादा माणूस, दूधवाला असो नाहीतर अंगणवाडीताई, पहिल्या दिवशी पोरांबरोबर चालत गेला तर प्रवेश होतो. बेळगाव-बागलकोटकडे गेलेल्या मुलांना शाळा कन्नड भेटते. त्यांच्यासाठी तळावरच दोन तासांचा मराठी वर्ग बसवावा लागतो, आणि तो घेणारी बहुतेकदा दहावीत सुटलेली, नव्यानेच कोयत्याला लागलेली एखादी सून असते.

क्वचित असाही फोन येतो की माणसांना डांबून ठेवलंय. बाकी फिटल्याशिवाय गाडी सोडत नाहीत, फोन काढून घेतलेत, एक पोर आजारी आहे. अशा वेळी पहिली चूक होते ती मुकादमाला फोन करण्याची. त्या रात्रीच माणसं हलवली जातात. आधी फोन करणाऱ्याकडून शांतपणे लिहून घ्यायचं. कुठे, किती जण, किती मुलं, किती रक्कम सांगतात, कधीपासून. मग तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांना आणि तहसीलदारांना लेखी अर्ज, १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याचं नाव घालून. सुटका होते तेव्हा माणसांचा जबाब एकेकाचा, मुकादम समोर नसताना व्हायला हवा. सगळ्यांना एका ओळीत उभं करून "काही तक्रार आहे का?" विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. आणि दुसरी मोठी चूक आनंदाच्या भरात होते. माणसं सुटली, गाडीत बसली, गावी आली, पण मुक्ती प्रमाणपत्र घ्यायचं राहिलं. त्या कागदाशिवाय तातडीच्या मदतीचे ३० हजारांपर्यंतचे रुपयेही मिळत नाहीत आणि कायद्याने मिटलेलं कर्ज महिनाभरात पुन्हा दारात येऊन उभं राहतं. म्हणून जे हे काम जाणतात ते तहसील कचेरीच्या पायरीवर रात्र काढतात, लेकराबाळांसकट, पण कागद घेतल्याशिवाय गाडी हलू देत नाहीत.

वहीवर नाव कुणाचं, यावर एका गावात दसऱ्याच्या आधीच्या बैठकीत दीड तास चर्चा चालली. उचलीचा बाँड (करारपत्र) नवऱ्याच्या नावावर असतो, उचल त्याच्या हातात पडते, मुकादमाच्या वहीत कोयता त्याच्याच नावाने चालतो. मोळ्या दोघं बांधतात, पण बाईने एकटीने नाव लावलेलं कुठे पाहिलेलं नव्हतं. "त्यांचं नाव खाली घाला की," एक म्हातारी म्हणाली आणि बाया हसल्या. शेवटी पहिल्या पानावर दोन ओळी आखल्या. नाव, आणि नाव. शासनाने ग्रामसेवकांकडून ऊसतोड कामगारांची नोंदणी करून ओळखपत्रं देण्याचं ठरवलं आहे. ते ओळखपत्र नवऱ्याचं वेगळं आणि बायकोचं वेगळं काढायचं, एकावर भागवायचं नाही, हेही त्याच बैठकीत ठरलं. ज्यांची निघाली होती त्यांचे नंबर वहीत नावांपुढे घातले.

वह्या वाटून झाल्यावर पेन्सिली वाटल्या, दोरे बांधले. झाकणवाली बाई कोपऱ्यात बसली होती. तिने वही उघडली, सहा रकाने बोटाने मोजले, आणि विचारलं की स्लिप हातातच आली नाही तर त्या दिवशी काय लिहायचं. कुणालाच पटकन उत्तर सुचेना. मग तीच म्हणाली, तारीख घालते आणि पुढे नुसती रेघ ओढते, पंधरवड्याला विचारते रेघ कशाची म्हणून. तसंच ठरलं. वही तिने पिशवीत टाकली, पेन्सिल दोऱ्याने आत गुंडाळली. झाकणावर यंदाही ओढणार का, असं शेजारणीने विचारलं, तर म्हणाली, ओढणार की, वही भिजली तर.